चिनी मुळी आणि डिप्रेशनची गोळी

"चिनी मुळी आलीये, आता डिप्रेशनच्या गोळ्या बंद." औषधाच्या दुकानात आज कानावर पडलेलं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

मुळी म्हणजे ऱ्होडिओला. चिनी वैद्यकातली होंगजिंगतियान याच जातकुळीची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत ५७ रुग्ण होते, काळ १२ आठवडे. सर्ट्रालीन या डिप्रेशनच्या गोळीपेक्षा गुण कमी दिसला, पण दुष्परिणाम ६३ऐवजी ३० टक्के जणांना. मात्र प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, ठोस फरक सिद्ध झाला नाही. रुग्णच फार थोडे.

आशा आहे, नक्कीच. पण चालू गोळी एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, आजार उलटणं. डोस हळूहळू उतरवावा लागतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दोन्ही सोबत घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त वाढायचा धोका.

तुमच्या घरात कुणी घेत असेल, तर डॉक्टरांना सांगितलंय का?