ड्रिपमध्ये जिप्सम

परवा मिरचीची ड्रिप बंद पडली. एखादा ड्रिपर नाही, अख्ख्या चार ओळी. फिल्टर उघडला तर आत पांढरी रेव. बाबा म्हणाले विहिरीच्या पाण्यातला चुना असणार, म्हणून मी थोडं ॲसिड टाकून बघितलं, चुना असता तर फसफसला असता, हे ढिम्म बसून! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

चूक माझीच. आदल्या संध्याकाळी वेळ वाचवायला झिरो झिरो फिफ्टी आणि कॅल्शियम नायट्रेट ही दोन खतं एकाच टाकीत कालवलेली. झिरो झिरो फिफ्टी म्हणजे पोटॅशियम सल्फेट, २० अंशाला लिटरमागे ११० ग्रॅमच्या आसपास विरघळतं. कॅल्शियम नायट्रेट तर त्याहून कितीतरी जास्त. पण दोघं एका पाण्यात आले की त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे फिरतात, कॅल्शियमला सल्फेट भेटला की जिप्सम, आणि जिप्सम लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, बाकीचं सरळ तळाला. पोटॅशियम आणि नायट्रेट बिचारे पाण्यातच राहतात, त्यांचं काही भांडण नाही.

आगरवाड्याच्या मिठागरात दर उन्हाळ्यात हेच होतं की! खाडीचं पाणी आटत जातं तसा आधी चुना बसतो, मग जिप्सम, त्यानंतर आपलं खायचं मीठ. मीठ ओढून झालं की उरतं ते कडू पाणी, मॅग्नेशियमचं, आणि समुद्रातलं पोटॅशियमही बहुतेक त्यातच.

आईचा प्रश्न वेगळाच, माडाच्या बुडाला आपण मीठ घालतो, मग मिरचीला स्वस्तातलं लाल पोटॅश का नको? लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. माडाला क्लोराइड आवडतो, मिरचीला जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. म्हणून सल्फेटवालं, महाग पडलं तरी, शिवाय त्यात गंधक मिळतं ते वेगळंच. (विरघळायला मात्र कंटाळवाणं, अर्धा तास ढवळत बसा.)

ड्रिपर बदलावेच लागले. आता कॅल्शियम मंगळवारी, पोटॅश शुक्रवारी, बाबांनी पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने मोठ्ठं लिहून ठेवलंय. आणि फळ्याचा खडू बहुतेक वेळा जिप्समचाच असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.