निवेदनातून उरलेला आवाज

पोटापाण्यासाठी मी निवेदनं रेकॉर्ड करते. त्यातला निम्मा वेळ आवाज साफ करण्यात जातो. दोन वाक्यांमधला श्वास, ओठ उघडतानाचा चिकट आवाज, घोट गिळलेला, अडखळून पुन्हा धरलेलं वाक्य, सगळं कापून टाकायचं. आधी ते थेट डिलीट करायचे. आता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, कारण माझं स्वतःचं संगीत त्यातूनच होतं. गाता गळा नाही, वाद्य येत नाही, त्यामुळे हाताशी होतं ते वापरलं.

रेकॉर्डिंगमधला आपला आवाज परका वाटतो, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. बोलताना आपण स्वतःला कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि त्या वाटेने खालचे सूर जास्त पोचतात; माईकला ती वाट नाही, म्हणून रेकॉर्डिंग पातळ लागतं. बरेच जण यामुळे स्वतःचं ऐकायलाच तयार नसतात. मला हे परकेपण सोयीचं वाटतं. आवाज ‘माझा’ राहिला नाही की त्याला बिनधास्त कात्री लावता येते.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आवाज सुधारण्याच्या सगळ्या सोयी आधी बंद करा. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्या यंत्रणेची समजूत असते. लांब ‘म्’ धरला की ती तो हळूहळू गिळून टाकते, आणि श्वास तर पहिल्या फटक्यात जातो.

खरी मजा व्यंजनांत आहे. ‘ठ’ घ्या. जीभ टाळूला चिकटते, क्षणभर काहीच नाही, मग फट् करून हवा सुटते आणि मागून श्वासाचा झोत येतो. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं की तिन्ही भाग वेगळे दिसतात: सपाट रेघ, एक बारीक सुळका, मग केसाळ पट्टा. सुळका तेवढा कापून दोन सप्तकं खाली उतरवला की दणदणीत ठोका मिळतो. केसाळ पट्टा वेगळा काढला की खुळखुळ्यासारखा वाजतो. एका अक्षरात दोन वाद्यं! कट मात्र लहर शून्यावर असताना मारायचा, नाहीतर कडेला दोन-तीन मिलीसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं) द्यायचा. एरवी प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी ‘टिक्’ ऐकू येतं. (कधी कधी तेच ‘टिक्’ हवं असतं. मग फेड विसरा.)

स्वरांचं उलटं. ते कापण्यापेक्षा ताणायचे. टेपच्या काळात वेग निम्मा केला की लांबी दुप्पट व्हायची आणि पट्टी एक सप्तक उतरायची. सोबत तोंडाच्या पोकळीचा घुमारही खाली सरकायचा, म्हणून माणूस राक्षसासारखा बोलायचा. आता पट्टी न हलवता ताणता येतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे. एका सेकंदाचा ‘आ’ पन्नास पट ताणला की जवळजवळ मिनिटभराचं धुकं हाती येतं. ‘ठ’ला हे औषध देऊ नका, त्याचा सुळका पार विरघळून जातो.

या वाटेवर ज्यांचं काम मी सर्वांत जास्त ऐकलं ते अमेरिकन संगीतकार ॲल्विन लूसिए. 1969 साली त्यांनी एका खोलीत बसून स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केलं, मग तेही वाजवलं, असं करत गेले. खोलीला जे सूर मानवतात ते दर फेरीला फुगत जातात, बाकीचे मरतात. शेवटी शब्द जाऊन नुसते गुंजणारे सूर आणि बोलण्याची लय उरते. ते बोलताना अडखळत असत, ते अडखळणंही यात विरघळतं.

हा प्रयोग घरी करायला बाथरूम उत्तम. खोलीला कुठला सूर मानवतो याचं गणित सोपं आहे: आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला साधारण 343 मीटर, भागिले समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. माझ्या बाथरूमची रुंदी पावणेदोन मीटर आहे, म्हणजे 98 हर्ट्झ (सेकंदाला 98 कंपनं), आणि त्याच्या वर दुप्पट, 196. माझी बोलण्याची पट्टी या 196च्या आसपासच आहे, म्हणून थोड्याच फेऱ्यांत ‘मी’ आणि भिंती यांतला फरक पुसला जातो. तुमची पट्टी वेगळी असेल तर दुसरी खोली शोधा.

रिव्हर्बबद्दल, म्हणजे आवाजाला वरून दिलेल्या घुमण्याबद्दल, माझं मत कडक आहे. रिव्हर्ब ओतला की काहीही गूढ वाटतं, आणि असं फुकट मिळालेलं गूढ मला नको. तुकडा कोरडा ऐकायला कंटाळवाणा असेल तर तो ओला करूनही कंटाळवाणाच राहतो, फक्त ते लक्षात यायला उशीर होतो.

एकाच गळ्यातून सगळे थर आले की ते सुरांच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात, ही मात्र खरी डोकेदुखी. सध्या जे चाललंय त्यात श्वासांचा 2000 हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकलाय, ठोके खर्जात नेलेत आणि मधली जागा ताणलेल्या ‘आ’ला दिली आहे. गुणगुणण्याचा एक थर अजून कुठेच बसत नाहीये. उद्या तो काढूनच ऐकणार आहे.