प्रश्नावली पिशवीतच राहिली

आज समाजशास्त्राच्या पीएचडीच्या फील्डवर्कला लालबागच्या एका चाळीत गेले. प्रश्नावलीत ४२ प्रश्न. आजींनी पहिल्याच प्रश्नाला अडवलं, "आधी तू सांग, गाव कुठलं? लग्न झालं का?" अर्धा तास माझीच मुलाखत!

मग चहा आला आणि १९८२चा गिरणी संप आपोआप निघाला. पगार बंद झाल्यावर कुठली भांडी आधी मोडीत गेली, आजींना क्रमाने आठवतंय. हा प्रश्न माझ्या ४२ मध्ये नव्हताच.

बी.ए.ला 'सहभागी निरीक्षण' (लोकांत मिसळून त्यांचा अभ्यास करणं) पाच मार्कांसाठी घोकलं होतं. एम.ए.ला मुंबई विद्यापीठात, कलिन्यात कळलं, आपला विभाग १९१९चा, इरावतीबाई कर्वे इथल्याच प्रा. घुर्यांच्या विद्यार्थिनी. तेव्हा छाती फुगली होती (पाठांतर तेही).

रेकॉर्डर मात्र सुरू करायचा राहिला. आता आठवून लिहितेय, रात्रीचे दोन वाजलेत.