ब्लेझरवरची फुली

कॅट या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेनंतर शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं आणि मार्चमध्ये पुण्याला एका मॅनेजमेंट संस्थेचा इंटरव्ह्यू ठरला. अभ्यासाचं टेन्शन होतंच, पण शेवटचे आठ दिवस डोकं खाल्लं ते कपड्यांनी.

क्लासवाल्यांनी एक पीडीएफ पाठवली होती. मुलांसाठी पाऊण पान मजकूर: टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत, बूट आणि पट्टा एकाच रंगाचे, मोजे गडद, दाढी गुळगुळीत. मुलींसाठी एक ओळ: ‘साडी किंवा वेस्टर्न फॉर्मल’. संपलं! कसली साडी, कसली पँट, ओढणी चालते का, काही नाही.

आईचा कौल साडीला. ती घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यामुळे तिला साडीत अवघड काही दिसतच नाही. मी मात्र जन्मात तीनदा साडी नेसलेली, तीही दुसऱ्यांनी नेसवून दिलेली. पहाटे पुण्यात उतरून निऱ्या कोण घालणार? आज कुणी विचारलं तर मी साधा सुती पंजाबी ड्रेस आणि दोन्ही खांद्यांना पिन केलेली ओढणी सांगेन. तेव्हा मात्र डोक्यात ब्लेझरच बसला होता.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पण त्यातल्या एकाही रस्त्यावर मला मुलीची फॉर्मल पँट मिळाली नाही. मागितली की दुकानदार जेगिंग काढायचे. एका काकांनी तर विचारलं, “बँकेत लागलीस का बाळा?” शेवटी काळा ब्लेझर, पँट आणि आकाशी शर्ट ऑनलाइन मागवला.

पार्सल आलं. घालून आरशासमोर उभी राहिले तर आई मागून ओरडली, “अगं, ही फुली काय घेऊन फिरायलीस?” ब्लेझरच्या मागच्या कटावर पांढऱ्या दोऱ्याची फुली होती. मला वाटलं डिझाइन असेल. क्लासमधली दोन पोरं तर अशीच फुली मिरवत चार मॉक इंटरव्ह्यू देऊन आली होती. “कच्चा टाका आहे तो. दुकानात कपडा चुरगळू नये म्हणून घालतेत. काढायचा असतो.” तिनं ब्लेडच्या टोकानं दोरा उचलला, कापला, बोटावर गुंडाळला. मग बाहीवरचा कंपनीचा पट्टा उसवला. खिसे खोटे आहेत असं मी धरून चालले होते. तेही शिवून बंद केलेले निघाले.

खरी गोम शर्टात होती. उभं राहिलं की ठीक, खुर्चीत टेकलं की छातीवरच्या दोन गुंड्यांमध्ये फट पडायची. एक साइज मोठा घ्यावा तर खांदे उतरतात. आईनं त्या दोन गुंड्यांच्या मध्ये आतून टिचबटण लावलं. बाहेरून काही दिसत नाही, फट मात्र गायब. पँट तीन बोटं लांब होती, तिला हातशिलाई घातली, आतली पट्टी न कापता. मग मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसव, हात वर करायला लाव, खाली पडलेला पेन उचलायला लाव, असं तासभर चाललं. बसताना ब्लेझरचं बटण उघडायचं, हे तिथंच कळलं. काळ्या बेली, म्हणजे सपाट बंद चपला, आठ दिवस गच्चीवर घालून फिरले, तरी डाव्या टाचेला फोड आलाच.

ब्लेझर उलटा करून, घडी घालून गिऱ्हाइकाच्या साडीच्या कव्हरात ठेवला आणि रात्रीची मुंबई एक्स्प्रेस पकडली. पुण्यात मामाकडे तयार झाले. टिकली लावू की नको यावर पाच मिनिटं घालवली, शेवटी बारीक काळी लावली.

आत तिघं होते. कपड्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, निदान मला तसं वाटलं. फाइल चाळत एका मॅडमनी विचारलं, “लातूर म्हणजे ती पाण्याची रेल्वे?” एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली तेव्हा मी आठवीत होते. 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी, हे आकडे मी पाठच केले होते. पण बोलता बोलता अस्तराचं निघालं. ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. त्या उन्हाळ्यात आईनं सांगून टाकलं होतं, अस्तर आपापल्या घरून भिजवून आणा. काही जणींनी कोरडंच आणून दिलं, भिजवलंय म्हणून. पाऊस झाल्यावर त्यांचेच ब्लाउज उसवायला परत आले. मॅडम हसल्या आणि पुढची दहा मिनिटं आईच्या धंद्यावरच गेली: गिऱ्हाईक किती, उधारी किती, दर कोण ठरवतं.

तिथं वेटिंग लिस्टवरच राहिले. प्रवेश दुसरीकडे झाला, त्याच ब्लेझरवर.

यंदा जानेवारीपासून क्लासच्या मुली आमच्याकडे पार्सलं घेऊन यायल्यात. फुली आई फुकट काढून देते. टिचबटणाचे दहा रुपये.