भात आपला, फोडणी कुणाची?

बेळगावकडच्या खानापूरच्या खाचरातला भात आणि त्यावरच्या वरणाची फोडणी एकाच ताटात येते, पण स्वयंपूर्णतेच्या हिशेबात ही दोन वेगळी खाती आहेत. त्यामुळे भारत आणि शेजारच्या आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाची तुलना एका आकड्यात मावत नाही. ती पीकवारच करावी लागते.

स्वयंपूर्णतेचं सूत्र सोपं आहे. उत्पादनाला उपलब्धतेने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उपलब्धता म्हणजे उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात. गोदामातला साठा वाढला असेल तर ती वाढही वजा, घटला असेल तर ती घट मिळवायची.

२०२२-२३ मध्ये देशात सुमारे १३.५ कोटी टन तांदूळ झाला आणि सुमारे २.२ कोटी टन बाहेर गेला. साठा बाजूला ठेवला तर उत्तर जवळपास १२० येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एक आकडा भाताचा आणि दुसरा तांदळाचा घेणं. क्विंटलभर भात गिरणीतून ६५-६७ किलो तांदूळ होऊन निघतो. पीकही भात आणि शिजलेलाही भात, म्हणून आपल्याकडे हा घोळ जास्तच होतो.

देशाचा आकडा १२० असला म्हणून राज्याचं भागतं असंही नाही. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना खुल्या विक्रीतून तांदूळ देणं थांबवलं, तेव्हा कर्नाटकाला अन्नभाग्य या मोफत तांदळाच्या योजनेतल्या जादा पाच किलोंऐवजी माणशी १७० रुपये द्यावे लागले.

खाद्यतेलाचं चित्र उलटं आहे. गरजेच्या सुमारे ५७ टक्के तेल बाहेरून येतं, म्हणजे आकडा ४३ च्या आसपास. त्यात सर्वात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. कच्चं तेल बंदरात उतरून इथे शुद्ध होतं. रिफायनरीचं उत्पादन देशी धरलंत तर हिशेब फसलाच. ‘सोयाबीन वाढवा’ हे उत्तरही तोकडं आहे. बैलहोंगल-चिकोडीकडच्या क्विंटलभर सोयाबीनमधून १८ किलोच तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड, आणि भावही पेंडीवरच ठरतो. हेक्टरी दोन क्विंटल तेल मिळालं तरी पुष्कळ. पामची चांगली बाग तीन-चार टन देते, पण तिला बारमाही पाणी लागतं.

आसियान तेलात भरभक्कम आहे. तांदळातही गट म्हणून शिल्लक दिसते, ती थायलंड-व्हिएतनाममुळे. आपसातला व्यापार बेरजेत कटतो, म्हणून फिलिपिन्स मोठ्या प्रमाणावर तांदूळ विकत घेतो हे त्या आकड्यात दिसत नाही. सिंगापूर तर ९० टक्क्यांहून जास्त अन्न आयात करतं.

आणि करार असला तरी दार बंद होतं. भारत-आसियान वस्तुव्यापार करार २०१० पासून लागू आहे, तरी एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीनेक आठवडे रोखली. जुलै २०२३ मध्ये आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची रोखली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत.

खत तर या सूत्रात येतच नाही. पोटॅश आपण जवळपास सगळं आयात करतो. तांदळाच्या १२० शेजारी ही नोंदही लिहून ठेवा.