नऊ गुणिले तीनशे तेहतीस

शनिवार, रात्री

अखेर माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधला ई६३०० निघाला आणि त्याच्या जागी क्यू६६०० बसला, दोन्ही इंटेलचे प्रोसेसर. पहिला २००६ चा, दुसरा २००७ चा. म्हणजे जुनं काढून जरा कमी जुनं घातलं, एवढंच. पण दोन कोअरचे (हिशेब करणाऱ्या भागांचे) चार झाले, कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) २ एमबीवरून ८ एमबीवर गेली, आणि प्रोसेसर बसतो तो सॉकेट तोच, एलजीए ७७५. मदरबोर्ड पी३५ चिपसेटचा, त्यामुळे बाकी कशालाच हात लावावा लागला नाही. सेकंडहँड घेताना एका गोष्टीवर मात्र अडून बसले होते: प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर एसएलएसीआर ही अक्षरं हवीत. तो जी० स्टेपिंगचा, म्हणजे त्याच प्रोसेसरच्या सुधारित आवृत्तीचा नग. क्यू६६०० चंच आधीचं स्टेपिंग बी३ १०५ वॅटचं, हे ९५ वॅटचं. ठरलेल्या वेगाच्या वर खेचायचा (ओव्हरक्लॉक करायचा) असेल तर कमी तापणाराच बरा.

हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून घेतलं, म्हणजे दोघांमधली वाळून कडक झालेली उष्णतावाहक पेस्ट मऊ पडते. मग चार प्लॅस्टिकचे पाय, बाणाच्या दिशेने पिळून वर ओढायचे. बसवताना तिरक्या कोपऱ्यांची जोडी एकदम दाबायची, आणि त्या वेळी मदरबोर्ड असा काही वाकतो की पोटात गोळा येतो. चारही पाय टक् वाजले, तरी बोर्डाच्या मागून टॉर्च मारून बघितलंच. मधली खुंटी पायातून पूर्ण बाहेर आली नसेल, तर हीटसिंक त्या कोपऱ्यात किंचित उचललेला राहतो आणि मग पेस्ट कितीही भारी असली तरी उपयोग नाही. हे पाय ज्याने काढले, त्याने स्वतः कधी एकही कॉम्प्युटर जोडला नसणार.

आता गणित. प्रोसेसरचा वेग म्हणजे बस (बोर्डाचा मूळ ठोका, मेगाहर्ट्झमध्ये) गुणिले मल्टिप्लायर. या प्रोसेसरचा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, म्हणून वेग वाढवायचा तर बस वाढवायची. मूळची २६६, नऊने गुणलं की २.४ गिगाहर्ट्झ. बस ३३३ केली की सरळ ३.०. रॅम डीडीआर२-८०० आहे. बसशी एकास एक ठेवली तर ती ६६७ वर चालते (डीडीआर एका ठोक्यात दोनदा काम करते, म्हणून दुप्पट), म्हणजे तिच्यावर ताण नाहीच. पीसीआय एक्स्प्रेस (ग्राफिक्स कार्ड वगैरेंची जोडणी) १०० वर बांधून टाकलं, म्हणजे बसबरोबर ते वर जात नाही. व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवलं नाही, हाताने १.२५ घातलं. ऑटोवर सोडलं की बोर्ड भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त ओततो.

पहिल्याच फटक्यात चालू झालं. प्रोसेसरला सतत गणितं करायला लावून त्याच्या चुका पकडणारा प्रोग्रॅम, प्राइम९५, लावून झोपते.

रविवार, सकाळी

चारही कोअर रात्रभर राबले, एकही चूक नाही. इथेच थांबायला हवं होतं म्हणणारे म्हणोत. मी बस ३७८ केली, ३.४ गिगाहर्ट्झ.

विंडोज उघडलं. ब्राउझर, व्हिडिओ, सगळं झकास. प्राइम९५ मध्ये मात्र काही मिनिटांत तिसरा वर्कर (एका कोअरवर चालणारी चाचणी) थांबला. ओळ ती नेहमीचीच: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. म्हणजे उत्तर पूर्णांकापासून ०.५ दूर पडलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं.

या ओळीमागची भानगड मला फार आवडते. प्राइम९५ मुळात प्रोसेसर छळायला लिहिलेलाच नाही. तो मर्सेन मूळसंख्या (दोनच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या मूळसंख्या) शोधतो, १९९६ पासून. त्यासाठी अवाढव्य संख्यांचे गुणाकार करावे लागतात, आणि वेळ वाचवायला ते दशांश अपूर्णांकांत करतात. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. ते दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये येऊन पडलं, तर नक्की कुठला पूर्णांक धरायचा तेच कळत नाही. म्हणजे कुठेतरी हिशेब चुकला. मशीन बंद पडलं नाही, निळा स्क्रीन नाही, पंख्याचा आवाजसुद्धा बदलला नाही. फक्त एका कोअरने चुकीचं उत्तर दिलं, तेही ठामपणे.

म्हणून 'गेम खेळून बघितला, चालतोय' या कसोटीवर माझा विश्वास नाही. गेममध्ये असलं चुकीचं उत्तर म्हणजे एखादा पिक्सेल वेडावाकडा, कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच फोटोंची झिप करताना घडलं, तर ती उघडेल तेव्हा कळणार, आणि तोवर मूळ फोटो कधीच पुसलेले.

दुपारी

व्होल्टेज १.४ केल्यावर ३.४ सुद्धा टिकला. पण उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.४ भागिले १.२५, त्याचा वर्ग, गुणिले ३.४ भागिले ३.०: साधारण १.४२. वेग तेरा टक्के, उष्णता बेचाळीस टक्के. पंखा तर असा ओरडायला लागला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. हा सौदा मला मान्य नाही. फुकटात मिळतं ते घ्यावं, व्होल्टेज मागायला लागला की माघार.

बस परत ३३३. स्पीडस्टेप (वेग आपोआप कमी करणारी इंटेलची सोय) चालू ठेवलंय, काम नसलं की मल्टिप्लायर ६ वर उतरतो आणि वेग २.० गिगाहर्ट्झवर येतो. पंखा गप्प.

व्हिडिओ एन्कोड करताना फरक डोळ्यांना दिसतो, पण त्यातलं बरंचसं श्रेय चार कोअरचं, ओव्हरक्लॉकचा वाटा त्याच्या खूप मागे. ब्राउझर उघडायला मात्र पूर्वीइतकाच वेळ, कारण खाली हार्डडिस्क घरघरतेय. आणि काही गोष्टी कितीही मेगाहर्ट्झ ओतले तरी यायच्या नाहीत. या प्रोसेसरला एसएसई४.२ हा नंतरच्या प्रोसेसरांत आलेला सूचनांचा संच येतच नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर उभीच राहत नाही. लिनक्स घालायचं ठरवलंय.

आता हार्डडिस्कच्या जागी एसएसडी. डिस्क जोडायची बोर्डावरची साटा जोडणी सेकंदाला ३ गिगाबिटची, तेव्हा वेगाच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलायचं नाही, साधीच घ्यायची. केबल जुनीच चालेल.