हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला, की आजोबा हयात आहेत हे आम्हाला सरकारला कळवावे लागत असे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकालाच हा दाखला द्यावा लागतो. ऐंशी ओलांडेपर्यंत आजोबा स्वतः चालत बँकेत जात, अधिकाऱ्यासमोर ताठ बसून सही करत आणि आपण जिवंत असल्याची पोच खिशात घालून परत येत. पुढे अंगठ्याच्या ठशावर चालणारे यंत्र आले आणि पंचाईत झाली. पाच वर्षे युद्धात आणि नंतर कित्येक वर्षे खडी-सिमेंटात वावरलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. काउंटरवरच्या मुलीने बिचारीने दहाही बोटे एकेक करून लावून पाहिली, पण यंत्र काही केल्या ऐकेना. आजोबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, मी जिवंत आहे हे मला नक्की ठाऊक आहे. आता तुमच्या मशिनला कोण सांगणार?" शेवटी कागदी अर्जावर काम भागले.

त्यांचे वय हाही घरात चेष्टेचा विषय होता. १९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, फौजेच्या भरतीच्या रांगेत उभे राहिले तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. पण छाती आणि उंची मापात बसल्यावर कारकुनाने अठरा वर्षांचा हिशेब धरून १ जून १९२३ ही जन्मतारीख ठोकून दिली. ज्यांची खरी तारीख कोणाला ठाऊक नसते त्या आपल्याकडच्या निम्म्या लोकसंख्येचा वाढदिवस १ जूनलाच येतो, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. या उसन्या दोन वर्षांचा त्यांना पुढे फायदाच झाला. ऐंशीव्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनाच्या वीस टक्के जादा रक्कम मिळते, मग दर पाच वर्षांनी त्यात दहा टक्क्यांची भर पडते आणि शंभराव्या वर्षी ती एकदम शंभर टक्के होते. हा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते गेले, म्हणजे कागदावरच्या शंभरीला चार महिने उरले होते. माझे वडील म्हणाले, "शेवटी सरकारचे पैसे वाचवूनच गेले."

लहानपणी आम्हा नातवंडांना त्यांच्या या लांबलचक आयुष्यातली फक्त पाच वर्षे हवी असत. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत त्यांची पदके होती. त्यात लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा पट्ट्यांच्या फितीला लटकणारा सहा टोकांचा 'इटली स्टार' आम्हाला सर्वांत आवडे. तो हातात घेऊन आम्ही विचारत असू, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" त्यांचे उत्तर ठरलेले होते. "मी सॅपर होतो. आपल्या माणसांना पलीकडे पोचवायचं, हे माझं काम." आमची घोर निराशा होई.

सॅपर म्हणजे काय हे मला फार उशिरा समजले. पूल बांधणारा, रस्ता करणारा आणि भूसुरुंग काढणारा शिपाई म्हणजे सॅपर. तो पायदळाच्या मागून जातो असे आपल्याला वाटते, पण नदी किंवा सुरुंगांचे शेत आडवे आले की सर्वांना थांबवून त्यालाच पुढे जावे लागते. आजोबांचे प्रशिक्षण खडकीला, बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात झाले. १९४१ च्याच सुरुवातीला या पलटणीच्या प्रेमिंद्रसिंग भगत यांनी आफ्रिकेत चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी करवून घेतली होती आणि त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. रिक्रूटांना भगतसाहेबांची गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाई, की आजोबांना ती शेवटपर्यंत आकड्यांसह पाठ होती. स्वतःचे आकडे मात्र त्यांनी कधी सांगितले नाहीत.

इटलीत जर्मन सैन्याने लाकडी खोक्यांतले सुरुंग पेरले होते. रणगाड्यांसाठीचे मोठे, पोलादी 'टेलर' सुरुंग डिटेक्टरला कळत, पण या लहानशा लाकडी खोक्यात धातू जवळजवळ नसेच. त्यामुळे कानावर लावलेल्या यंत्रात काहीच आवाज येत नसे. अशा ठिकाणी पालथे पडून संगिनीच्या टोकाने वीतवीतभर जमीन चाचपत पुढे सरकायचे. संगीन सरळ खाली खुपसायची नाही, कारण सुरुंगाला वरून दाब बसला तर तो फुटतो. ती तिरकी, हलकेच आत सारायची, म्हणजे टोक त्याच्या बाजूला लागते. मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत अंथरायची आणि मागून येणाऱ्यांनी तिच्या आतच पाय टाकायचा. हे सगळे मी वयाच्या तिशीत एका लेखात वाचले आणि वाचता वाचता थबकले, कारण ती पद्धत मी पाहिलेली होती.

मी सात-आठ वर्षांची असताना माझ्या टाचेत काटा मोडला होता. आई दाबून काढू पाहत होती आणि मी किंचाळत होते. आजोबांनी तिला बाजूला केले, हात धुतले, सुई ज्योतीवर धरली आणि माझी टाच आपल्या मांडीवर घेतली. सुरुवातीला सुई त्यांनी टेकवलीसुद्धा नाही. नुसत्या बोटाच्या पेराने टाचेवर गोल गोल फिरत राहिले आणि एका जागी थांबले. मग सुई जवळजवळ आडवी करून, बाजूने, इतक्या सावकाश आत सारली की मला ती कळलीच नाही. त्या सबंध वेळात ते सुईकडे पाहत नव्हते. त्यांची नजर भिंतीवर होती आणि मान किंचित कलती होती, जणू काही ऐकत असावेत. काटा निघाल्यावर म्हणाले, "वरून दाबायचं नाही कधी. बाजूनं जायचं." मला वाटले, ते काट्याविषयीच बोलत आहेत.

त्यांची आणखी एक खोड होती. मोकळ्या माळावरही ते कधी आडवाटेने, गवतातून जात नसत. मळलेली पायवाट धरत, आणि पायवाट नसेल तर पुढच्या माणसाच्या पावलांवर पाऊल टाकत. त्यामुळे त्यांच्याबरोबर फिरायला जाणे कंटाळवाणे असे, हे कबूल केले पाहिजे.

इटलीतल्या माँटे कासिनो डोंगरावरच्या लढाईविषयी ते थोडे अधिक बोलत. १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन त्या डोंगराखाली अडकली होती. १५ फेब्रुवारीला डोंगरावरचा जुना मठ बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, तरी डोंगर काही हाती आला नाही. डिव्हिजनच्या सॅपर्सनी न्यूझीलंडच्या अभियंत्यांबरोबर खेचरांची एक अरुंद वाट रणगाडे जातील इतकी रुंद केली. 'कॅव्हेंडिश रोड' असे तिचे नाव पडले. १९ मार्चला त्या वाटेने रणगाडे वर गेले, पण सोबत पायदळ नव्हते आणि हल्ला फसला. आजोबांच्या बोलण्यात यशापयशाचा उल्लेख नसे. वळणावर किती कातळ फोडावा लागला आणि पावसात कड कशी ढासळे, एवढेच ते सांगत. काही वर्षांपूर्वी मी त्यांना त्या डोंगराचे उपग्रहातून घेतलेले चित्र मोठे करून दाखवले. युद्धानंतर पुन्हा बांधलेला मठ पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही ती जागा नव्हे. एवढी झाडं नव्हती तिथं." मी पुन्हा पुन्हा सांगूनही त्यांना ते पटले नाही.

इटलीनंतर ग्रीस आणि मग १९४६ साली ते परतले. त्याच उन्हाळ्यात लग्न झाले. आजीला वाचता येत नव्हते. युद्धाच्या काळात त्यांच्या आईला येणारी पत्रे शाळामास्तर वाचून दाखवत आणि त्यामुळे घरातली गोष्ट आधी मास्तरांना कळे, हे आजोबांना मुळीच मान्य नव्हते. म्हणून दोन महिन्यांच्या त्या सुट्टीत त्यांनी रोज रात्री कंदिलापाशी बसून आजीला अक्षरे शिकवली. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे विचित्र वाटले असणार, पण फौजेतून आलेल्या माणसाला बोलणार कोण?

१९४८ मध्ये ते जम्मू-काश्मीरमध्ये होते. तिथलेही स्वतःचे काही न सांगता ते रामा राघोबा राणे यांची हकीकत सांगत. राण्यांची ३७ असॉल्ट फील्ड कंपनी आजोबांची नव्हती, पण पलटण तीच. ८ ते ११ एप्रिल या दिवसांत नौशेरा ते राजौरी या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात दूर करून राण्यांनी रणगाड्यांना वाट काढून दिली आणि परमवीर चक्र मिळवले. ते जिवंतपणी मिळाले, याचे आजोबांना फार अप्रूप होते. "आमच्या कामात जिवंत राहणं हेच काम चांगलं झाल्याची खूण," असे ते म्हणत.

१९६१ साली हवालदार म्हणून ते निवृत्त झाले आणि रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारे मेस्त्री झाले. बसमधून जाताना मोरी आली की ते खिडकीतून मान बाहेर काढत आणि बांधकामाला नावे ठेवत. घरात त्यांचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. १९६५ साली माझ्या थोरल्या आत्याला लष्करी रुग्णसेवेत परिचारिका व्हायचे होते. त्यांनी साफ नकार दिला, कारणही सांगितले नाही. आत्या दोन वर्षे त्यांच्याशी कामापुरतेच बोलत असे. पुढे माझी चुलत बहीण नर्सिंगला गेली, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेले आजोबा तिची बॅग घेऊन वसतिगृहाच्या दारापर्यंत गेले. आत्याने ते पाहिले, पण त्यावर ती आजतागायत काही बोललेली नाही.

ते गेल्यानंतर निवृत्तिवेतन बंद करण्यासाठी कागद शोधताना आम्ही ट्रंक पूर्ण रिकामी केली. पदकांच्या खाली मेणकापडात गुंडाळलेले एकच पत्र होते. १९४८ च्या उन्हाळ्यात आजीने पाठवलेले, तिने आयुष्यात स्वतःच्या हाताने लिहिलेले पहिले पत्र. अक्षरे मोठी, एकमेकांपासून फटकून बसलेली, ओळी खाली उतरत गेलेल्या. त्यावर आजोबांनी तांबड्या पेन्सिलीने शुद्धलेखन तपासलेले होते. 'तुम्हि' मधली वेलांटी दुरुस्त केलेली, 'सूखरुप' वर दोन खुणा, 'पाउस' वर एक. पहिल्या पाच ओळी अशा काटेकोरपणे तपासलेल्या आहेत. सहाव्या ओळीत आजीने आत्याला पहिले दोन दात आल्याचे लिहिले आहे, आणि 'दात' मधला काना ती विसरली आहे. तो तसाच राहिला आहे. तिथून पुढे पत्रावर पेन्सिल कुठेही दिसत नाही.